चुकलेले नाणे की बिघडलेले नाणे?

(बेंगळुरूतील मराठी खातेदारांच्या बैठकीत केलेले भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'आवर्ती ठेव' असा विषय छापला आहे. तो मी पुढच्या बैठकीत घेईन. आज नाण्यांबद्दल बोलते, कारण मध्यंतरी एका पाच रुपयांच्या नाण्यापायी आमच्या शाखेत एक मुदत ठेव मोडता मोडता राहिली.

आमचे एक खातेदार आहेत, सत्तरीच्या पुढचे. नाव सांगत नाही, मी त्यांना काका म्हणते. एका सोमवारी सकाळी आले आणि म्हणाले, "मॅडम, दोन लाखांची ठेव मोडायची आहे. आजच." मी विचारले, "काका, घरी काही अडचण?" तर म्हणाले, "अडचण नाही हो, चांगली बातमी आहे." त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि एक नाणे माझ्यासमोर ठेवले.

झाले होते असे. नाण्याची एक बाजू अर्धी सपाट होती. सिंहमुद्रा जेमतेम दिसत होती, 'भारत'मधला 'त' गायब. नातवाने त्याचा फोटो काढून विक्रीला टाकला. तासाभरात फोन आला की हे टांकसाळीत चुकलेले नाणे आहे, अठरा लाख देतो. मागोमाग रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्र मोबाइलवर आले. आधी नोंदणीचे २,१५० रुपये मागितले, मग जीएसटीचे २५,५००. दोन्ही काकांनी भरले. आता 'ना हरकत दाखल्या'चे ८४,००० हवे होते, म्हणून ठेव मोडायची.

अशा वेळी बँकवाल्यांचा नेहमीचा उपदेश असतो, "काका, ही फसवणूक आहे." तो मी केला. काकांना तो पटला नाही. ते म्हणाले, "पण नाणे तर चुकलेले आहे ना? डोळ्यांनी दिसतंय." आणि खरी गोम तिथेच होती. माणूस फोनवरच्या आवाजावर विश्वास ठेवत नाही हो, तो हातातल्या वस्तूवर विश्वास ठेवतो. नाणे वेगळे दिसते, म्हणजे बाकीचेही खरे असणार, असे मन म्हणते. म्हणून मी ठरवले की आधी नाण्याचाच निकाल लावू. माझे वडील नाणी जमवायचे, त्यामुळे भिंगाची सवय मला लहानपणापासून आहे.

ते नाणे काय निघाले ते सांगते, पण त्याआधी नाणे चुकते कसे ते समजून घेऊ. त्यासाठी टांकसाळीत जायची गरज नाही, स्वयंपाकघर पुरे.

आपल्या देशात चार सरकारी टांकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात, त्यांची कड दाबून उचलतात आणि मग दोन ठशांमध्ये, भोवती एक घट्ट कडे ठेवून, चकती दाबतात. एका दाबात दोन्ही बाजू उमटतात. यंत्र मिनिटाला शेकडो नाणी पाडते. तपासणी होते, तरी एखादे चुकलेले सुटतेच.

आता आठवा, आपण मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या कापतो. घाईत वाटी आधीच्या भोकावर थोडी पडली की पुरीला चंद्रकोरीसारखा चावा बसतो. चकतीचेही तसेच होते. नाण्याच्या कडेला असा गोलसर चावा दिसला तर तो टांकसाळीतला असू शकतो. पण तसाच चावा कानसीने घासूनही आणता येतो. मग ओळखायचे कसे? खऱ्या चाव्याच्या बरोबर समोरच्या बाजूला पाहा. तिथली कड अशक्त असते, कारण कड उचलताना एका बाजूला धातूच नव्हता, तर दुसऱ्या बाजूला दाब येणार कुठून? शिवाय चाव्याजवळची अक्षरे त्या दिशेला थोडी ओढलेली, पसरलेली दिसतात, कारण नाणे दाबले गेले तेव्हा धातू रिकाम्या जागेकडे सरकला. कानस चालवलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते आणि अक्षर सुरीने पाव कापावा तसे मध्येच तुटते.

दुसरे उदाहरण मोदकाच्या साच्याचे. साच्याला तडा गेला तर मोदकावर काय उमटते? खाच नाही, उंचवटा. सारण-उकड त्या तड्यात शिरते आणि बारीक उभी रेघ येते. नाण्यावर अशी उंच, नखाला लागणारी रेघ दिसली तर ठशाला तडा गेलेला होता असे समजा. उलट रेघ खोल असेल आणि तिच्या दोन्ही काठांना धातू वर सरकलेला असेल, शेतात नांगराच्या तासाला माती लागते तसा, तर तो नंतरचा ओरखडा. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ नाण्यांचा निकाल लागतो.

साच्यात तूप-पीठ अडकून राहिले की मोदकाची कळी नीट उठत नाही. ठशात वंगण किंवा कचरा भरला की नाण्यावरचे अक्षर, आकडा असाच पुसट येतो. आणि पहिला मोदक साच्यातच चिकटून राहिला आणि त्यावरच दुसरी उकड दाबली तर? दुसऱ्यावर पहिल्याचा उलटा, खोल ठसा बसेल. नाण्यांतही असे होते. आधीचे नाणे ठशाला चिकटते आणि पुढच्यावर तीच बाजू आरशातल्यासारखी उलटी आणि खोलगट उमटते. जमवणाऱ्यांना असे नाणे आवडते. पण दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंज्यात आवळली तरी उलटे अक्षर उमटते, हेही सांगून ठेवते. तसे केले की मूळचे चित्र दुसऱ्या बाजूला चेपते आणि उमटलेली अक्षरे अर्धवट, असमान खोलीची राहतात. खऱ्या नाण्यात ती पूर्ण आणि स्वच्छ असतात.

तिसरी चूक म्हणजे भोवतालचे कडे नीट न बसणे. मग धातू मोकळा पसरतो आणि नाणे नेहमीपेक्षा रुंद होते. आता माझ्या पिढीपर्यंतच्या सगळ्यांना विचारते, लहानपणी रेल्वेच्या रुळावर नाणे कोणी ठेवले नव्हते? (कोणीही करू नये, नातवंडांना तर मुळीच करू देऊ नये.) ते चपटे नाणेसुद्धा रुंदच होते. पण चाकाखाली चित्र चेपून जाते, नाणे लांबट होते, कड पात्यासारखी पातळ होते. टांकसाळीत पसरलेल्या नाण्याचे मधले चित्र मात्र खणखणीत उठलेले असते. चित्र ठशानेच दिलेले आहे, ते पुसले जायचे कारणच नाही.

एक चाचणी तुम्ही आत्ता बसल्या जागी करू शकता. खिशातले नाणे घ्या, सिंहमुद्रा सरळ तुमच्याकडे करा. नाण्याचे वरचे आणि खालचे टोक दोन बोटांत धरा आणि पुस्तकाचे पान उलटावे तसे फिरवा. मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. आपल्या नाण्यांत दोन्ही बाजूंचे डोके एकाच दिशेला असते. मागची बाजू तिरकी किंवा चक्क उलटी आली, तर ठसा फिरलेला होता. अशी चूक घरी बसून करता येत नाही, म्हणून ती सहसा खरीच असते. पण थोडासा तिरकेपणा बऱ्याच नाण्यांत सापडतो, त्याला कोणी वेगळा भाव देत नाही. हर्ष होण्याआधी हे ऐकून ठेवा.

'शोले'मधले जयचे नाणे आठवते ना? दोन्ही बाजूंना एकच छाप. तसे नाणे 'टांकसाळीतली चूक' म्हणून विकायला येते. बहुधा ते दोन नाणी घासून, आतून कोरून एकमेकांत बसवलेले असते. कडेच्या आतल्या बाजूला भिंगाने पाहा, बारीक सांधा दिसतो. फरशीवर टाकून वाजवा, बद्द वाजते. आपल्याकडे 'खणखणीत नाणे' हा शब्द उगाच आलेला नाही, पारखी पूर्वी नाणे वाजवूनच घेत. दहाचे नाणे मात्र दोन धातूंचे असल्यामुळे नाहीतरी बद्द वाजते, त्याला हा नियम लावू नका.

दहाच्या नाण्याचे सोंग वेगळेच. त्याचा मधला भाग ठोकून काढायचा, उलटा करून किंवा फिरवून परत बसवायचा आणि 'दुर्मिळ' म्हणायचे. खरे नाणे एका दाबात तयार होते, म्हणून मधल्या भागावरचे चित्र कड्यावर जिथे जाते तिथे रेघा सलग जातात. ठोकून बसवलेल्यात त्या जुळत नाहीत आणि सांध्यावर हातोडीच्या खुणा राहतात.

रंग बदललेल्या नाण्यांची तर रांगच लागते. पाचचे पिवळे नाणे तांबूस झाले आहे, विशेष असेल का? त्या नाण्यात तांब्याबरोबर जस्तही असते. संडास साफ करायचे ॲसिड, आंबट द्रव किंवा खूप दिवसांची ओल लागली की पृष्ठभागावरचे जस्त निघून जाते आणि तांबे उघडे पडते. देवळाच्या दानपेटीतल्या, तुळशीवृंदावनातल्या नाण्यांचे असे होते. ही चूक नाही, रसायनशास्त्र आहे.

आता काकांच्या नाण्याकडे येते. मी भिंग लावले. सपाट भागावर एकाच दिशेने गेलेल्या असंख्य बारीक रेघा होत्या आणि तो भाग भोवतालच्या पृष्ठभागापेक्षाही खाली गेला होता. ठशात वंगण भरल्याने चित्र पुसट आले असते तर तिथे मूळची चकाकी राहिली असती, पुसटपणा हळूहळू विरत गेला असता आणि वजन पूर्ण भरले असते. शेजारच्या सराफाकडे शिपायाला पाठवून वजन केले. २०११ च्या मालिकेतल्या पाचच्या नाण्याचे वजन ६ ग्रॅम असायला हवे. भरले ५.४. धातू गेलाच होता, आणि टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर गेला होता.

मी विचारले, "काका, हे नाणे सापडले कुठे?" काका जरा थांबले. म्हणाले, "आमच्या इडलीच्या ग्राइंडरच्या पायाखाली होते. डुगडुगायचा म्हणून हिने ठेवले होते. सहा-सात वर्षे झाली असतील." सहा-सात वर्षे रोज दगडी ग्राइंडर फरशीवर थरथरत होता आणि खालचे नाणे घासले जात होते. काका स्वतःच हसले. मग गप्प झाले, कारण २७,६५० रुपये गेले होते ते आठवले. ठेव मोडली नाही. आम्ही तिथूनच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदवली. पैसे अजून परत आलेले नाहीत. पहिला हप्ता गेल्या गेल्या फोन केला असता तर पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता जास्त होती.

काका एकटे नाहीत. जून २०२१ मध्ये आपल्या बेंगळुरूतलीच बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एका महिलेने १९४७ चे नाणे विक्रीला ठेवले, समोरच्याने एक कोटी देऊ केले आणि शेवटी तिच्याच खात्यातले सुमारे एक लाख गेले. १९४७ चा रुपया निकेलचा आहे, एका बाजूला सहावे जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला वाघ. सुंदर नाणे आहे, पण ते त्या वेळी भरपूर पाडले गेले. जुने म्हणजे दुर्मिळ, हा आपला गैरसमज. त्यानंतर ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितले की आपले नाव आणि बोधचिन्ह वापरून काही लोक जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, दलाली, कर मागत आहेत. रिझर्व्ह बँक असे व्यवहार करत नाही, असे शुल्क मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही.

वाणिज्य शिकलेली असल्यामुळे एक वाक्य जास्तीचे बोलते. कर असलाच तर तो विक्री झाल्यावर तुमच्या विवरणपत्रातून सरकारजमा होतो. पैसे मिळण्याआधी खरेदीदाराच्या खात्यात भरायचा 'कर' अस्तित्वात नाही. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो.

आता ज्या गोष्टी चूक नसूनही चूक म्हणून विकल्या जातात, त्या सांगते. नाण्यावर सालाखाली बारीक चिन्ह असते. चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. 'चांदणीवाले नाणे', 'चिन्ह विसरलेले नाणे' अशा जाहिराती पाहिल्या की मला हसू येते. १९८० च्या दशकात तर काही नाणी परदेशातल्या टांकसाळींतून पाडून आणली होती, त्यांची चिन्हे आणखी निराळी.

दहाच्या नाण्याचेही तेच. एकावर दहा रेघा, एकावर पंधरा, एकावर रुपयाचे चिन्ह, एकावर नाही. बेंगळुरूत कितीतरी दुकानदार ही नाणी घ्यायला कटकट करत, हे तुम्हीही अनुभवले असेल. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की तोपर्यंत निघालेले सगळे चौदा नमुने चलनात वैध आहेत. ते चुकलेलेही नाहीत आणि खोटेही नाहीत. पाचचे नाणे कधी जाड, कधी पातळ असते, तेही चूक म्हणून नव्हे. १९९२ मध्ये आलेले पांढरे पाचचे नाणे ९ ग्रॅमचे होते, २००७ च्या सुमारास ते स्टीलचे झाले, पुढे पिवळे आले. म्हणून 'पाचच्या नाण्याला लोहचुंबक चिकटला' एवढ्यावरून उडी मारू नका, आधी साल पाहा. चुंबक, वजनकाटा आणि साल ही तिन्ही एकत्र पाहायची असतात.

कोणाच्या देव्हाऱ्यात शिवराई असेल तर तिच्याबद्दलही सांगते, कारण मागच्या वेळी एका वहिनींनी विचारले होते. शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति' ही अक्षरे क्वचितच पूर्ण दिसतात. कुठे 'राजा' अर्धा, कुठे 'पति' बाहेर. ती चूक नव्हे. ती नाणी हातोड्याने हाताने पाडलेली होती, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, तोही ओबडधोबड. त्यामुळे अर्धी अक्षरे हाच तिचा स्वभाव. उलट एकदम गोल, दोन्ही बाजूंची सगळी अक्षरे स्वच्छ आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांसारखे खड्डे असलेली शिवराई दिसली तर ती साच्यात ओतलेली नक्कल असण्याचा संशय घ्या. आणि शिवराई चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. समई घासतो तशी ती घासली की तीन-साडेतीनशे वर्षांची झिलई पाच मिनिटांत जाते, आणि जमवणाऱ्यांच्या दृष्टीने किंमतही.

मग खरोखर चुकलेले नाणे सापडले तर? सापडू शकते, नाही असे नाही. ते पुसू नका, घासू नका, कागदाच्या पाकिटात कडेने धरून ठेवा. नाणी जमवणाऱ्यांच्या संस्था आणि लिलाव करणाऱ्या जुन्या पेढ्या बेंगळुरूतही आहेत, मुंबईतही. तिथे नाणे घेऊन स्वतः जा आणि दोन-तीन ठिकाणी दाखवा. किंमत चुकीच्या प्रकारावर, नाण्याच्या अवस्थेवर आणि त्या दिवशी ते हवे असणारा कोणी आहे का यावर ठरते. माझे स्पष्ट मत विचाराल तर ही हौस आहे, बचत नाही. बँक पाचच्या नाण्याचे पाचच रुपये देणार, टांकसाळही ते विकत घेणार नाही.

आणि हौसेपोटी किंवा लोभापोटी कोणी घरी 'चूक' तयार करत असेल तर कायदाही ऐका. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणे विद्रूप केलेले नसेल आणि ठरलेल्यापेक्षा हलके झालेले नसेल, तरच ते वैध चलन असते. म्हणजे कानस चालवलीत की पाचाचे पाचही गेले. नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा तर गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

माझा वेळ संपत आला. खिडकीजवळच्या टेबलावर मी भिंग, लहान चुंबक आणि ग्रॅमचे दशांश दाखवणारा काटा ठेवला आहे. चहा घेतल्यावर ज्यांनी नाणी आणली आहेत त्यांनी तिकडे या. एकावेळी एकच नाणे, आणि शक्य असेल तर ते कुठे सापडले तेही सांगा. काकाही आज आले आहेत, आपले नाणे घेऊन. ज्यांना ग्राइंडरखालचे नाणे कसे दिसते ते पाहायचे असेल त्यांना ते दाखवतील.